एका जिल्ह्यात तीन प्रदेश : नाशिकचा भूगोल कसा शिकवावा



इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांस जिल्ह्याचा भूगोल शिकविताना तालुक्यांची, नद्यांची व पिकांची नावे पाठ करून घेण्याचा प्रघात अनेक शाळांतून दिसतो. नावे पाठ व्हावीत, यात वाद नाही. परंतु एक नाव दुसऱ्या नावाशी कशाने बांधलेले आहे, हे उलगडले नाही तर मुलाच्या हाती केवळ यादी उरते.

काही वर्षांपूर्वी पेठच्या बाजूस एका शाळेच्या भेटीस गेलो असता ‘जेथे पाऊस फार, तेथे पाणी मुबलक’ असे वाक्य फळ्यावर लिहिलेले होते. मुलांनी ते एका सुरात वाचून दाखविले. मागच्या रांगेतील एका मुलीने मात्र विचारले, “मग माझी आई रात्री झिऱ्यावर का जाते?” गुरुजी गप्प राहिले आणि मीही क्षणभर निरुत्तर झालो. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

१. भूमीची घडण

आपल्या जिल्ह्याची भूमी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनली. ही घटना सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. त्या थरांचा काळा पाषाण म्हणजेच बसाल्ट होय. पुढे वारा व पाणी यांनी हा पाषाण कोरला आणि पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर उभे राहिले. पश्चिमेस उत्तर-दक्षिण गेलेली सह्याद्रीची रांग आहे. तिच्यापासून पूर्वेकडे सातमाळा आणि उत्तरेस सेलबारी-डोलबारी या रांगा फुटतात. बागलाणातील साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे.

या घडणीमुळे जिल्ह्याचे स्वाभाविक तीन भाग पडतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हा पश्चिमेचा डोंगराळ भाग. दिंडोरी, नाशिक, निफाड या बाजूचा गोदावरी-कादवेच्या काळ्या जमिनीचा सखल पट्टा हा दुसरा भाग. यातील नदीकाठास लोक ‘गंगाथडी’ म्हणतात. उत्तरेस व पूर्वेस बागलाण, मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर हा कमी पावसाचा तिसरा भाग होय. कळवण, देवळा व चांदवड या तालुक्यांत दोन-दोन भागांची लक्षणे एकत्र आढळतात.

२. पाऊस व नद्या

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर गेलेली हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचा पाऊस पडतो. इगतपुरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हीच हवा घाटमाथा ओलांडून पूर्वेस उतरू लागली की उबदार व कोरडी होते. म्हणून इगतपुरीपासून सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या सिन्नरला पाचशे-सहाशे मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते.

पडलेले पाणी तीन दिशांनी जाते. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर जन्मते. तरी त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघालेली वैतरणा पश्चिमेस अरबी समुद्राला जाते. दमणगंगा, पार व नार यांचे पाणीही गुजरातमार्गे त्याच समुद्रात जाते. उत्तरेकडील गिरणा मालेगावी मोसमला पोटात घेऊन पुढे तापीस मिळते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पश्चिम भागात उतार तीव्र आहेत आणि मातीचा थर पातळ आहे. खालचा घट्ट पाषाण पाणी मुरू देत नाही. चार महिन्यांत कोसळलेले पाणी चार महिन्यांतच खोऱ्यांतून निघून जाते. जे थोडे मुरते ते पाषाणाच्या सच्छिद्र थरांतून झिरपून झिऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि उन्हाळ्यात तेही मंदावते. एक हंडा भरण्यास बराच वेळ लागतो. म्हणून बाया रात्रीच नंबर लावतात. तात्पर्य, पाऊस किती पडला यापेक्षा पाणी किती थांबले, हे गावासाठी अधिक महत्त्वाचे असते.

याउलट कमी पावसाच्या बागलाणात लोकांनी पाणी थांबविण्याची व वाटून घेण्याची रीत फार पूर्वी बसविली. मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने ठरलेल्या पाळीने पाणी द्यावयाचे, हा गावाचाच कायदा होता. गंगाथडीस दारणा धरण (१९१६), नांदूरमधमेश्वरचा बंधारा व त्याचे कालवे आणि पुढे गंगापूर धरण (१९६५) यांचा आधार मिळाला. नांदूरमधमेश्वर हे २०१९ साली महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ क्षेत्र ठरले. पश्चिमेचे पाणी गिरणेच्या खोऱ्यात वळविण्याच्या नार-पार-गिरणा योजनेस राज्य शासनाने २०२४ साली मान्यता दिली आहे.

३. शेती व माणसे

पश्चिमेस राब भाजून भाताची आवणी करतात; उतारावर नागली, वरई व खुरासणी होते. गंगाथडीत द्राक्षे, ऊस, गहू व कांदा पिकतो. लासलगावचा कांद्याचा बाजार देशभर ठाऊक आहे. पूर्वेस बाजरी व कांदा, तर बागलाण-मालेगावकडे डाळिंबाच्या बागा आहेत. जेथे शेती पुरेशी नव्हती तेथे हातमागाने संसार सावरले. येवल्याची पैठणी सर्वांस परिचित आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी मालेगावास वस्त्रोद्योग वाढविला आणि त्यांची उर्दू भाषाही तेथे रुजली.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक असून तीत चतुर्थांशाहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पश्चिमेस कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर यांची वस्ती आहे. बोहाड्याचे मुखवटे व वाघदेवाची पूजा ही त्यांच्या जीवनाची अंगे होत. बागलाण-मालेगावकडे अहिराणी बोलली जाते. नाशिक जिल्हा १८६९ साली निर्माण झाला, तोपर्यंत हा भाग खानदेशात मोडत असे. यावरून, जिल्ह्याची रेषा कागदावर हलते, पण भाषा आपल्या ठिकाणी राहते, हे मुलांस सहज पटविता येईल.

हे तीन भाग परस्परांपासून तुटलेले नाहीत. भात निघाला की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत कामास उतरतात. सोबत मुलेही जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. एका शाळेत जे मूल ‘अनियमित’ ठरते, तेच दुसऱ्या शाळेच्या शिवारात मळ्याच्या बांधावर बसलेले असते. भूगोलाचा धडा येथे आपल्या पटावरच उतरला आहे.

४. वर्गात काय करावे

(१) अंगणात माती, दगड व वाळू यांचा जिल्ह्याचा उठावाचा नकाशा करावा. ब्रह्मगिरीवर तांब्याभर पाणी ओतून ते कोणकोणत्या वाटांनी जाते, हे मुलांस पाहू द्यावे.

(२) सरळ बाजूंच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून रोजचा पाऊस मुलांकडून नोंदवावा. गावच्या विहिरीचे पाणी दरमहा दोरीने, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मोजावे. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पाऊस आणि पाणी यांतील फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

(३) डोंगराळ भागातील एका शाळेने गंगाथडीतील एका शाळेशी पत्रव्यवहार ठेवावा. आपले पीक, आपले पाणी, आपला सण यांविषयी मुलांनी लिहावे.

(४) मुलाच्या घरच्या बोलीस वर्गात मान द्यावा. ‘तू कथा चालना?’ असे अहिराणीत विचारणारे मूल अशुद्ध बोलत नाही, ते आपल्या भागाचा भूगोलच बोलत असते. त्याच्या शब्दाशेजारी पुस्तकातील शब्द लिहून दाखवावा.

(५) स्थलांतर करणाऱ्या मुलास निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड द्यावे. जेथे कुटुंबे येऊन राहतात तेथील शिक्षकांनी मळ्यावर जाऊन अशा मुलांस विनाविलंब दाखल करून घ्यावे.

जगातील मोठमोठ्या प्रदेशांचे वैविध्य मुलांस पुढील इयत्तांत शिकावयाचेच आहे. पर्वताच्या एका अंगास ओला आणि दुसऱ्या अंगास कोरडा प्रदेश, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पोटासाठी जाणारी माणसे, हे चित्र त्यास अनेक देशांत भेटेल. ते त्याने प्रथम आपल्या गावच्या पाणवठ्यावर पाहिलेले असावे. फळ्यावरील वाक्य आणि घरातील रिकामा हंडा यांत विसंगती दिसली, तर ती विचारण्याचे धैर्य मुलास यावे आणि उत्तर शोधण्यास आपण त्याच्याबरोबर निघावे, एवढीच विनंती.