मुकादम: केज ते कॅस्टिल

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागांत ‘मुकादम’ हा शब्द जागोजागी कानी पडतो. साखर कारखान्याशी करार करणारा, नवरा-बायकोच्या जोडीला म्हणजे एका ‘कोयत्या’ला उचल देणारा, टोळी जमवून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात नेणारा तो मुकादम. शब्द मात्र अरबी. ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे केलेला, पुढे ठेवलेला. फारसीतून तो दख्खनच्या दफ्तरांत आला आणि जुन्या मराठी कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील झाला. वतनदाराचे ते नाव आज मजूर पुरवणाऱ्याला लागते. ही घसरण म्हणायची की बढती, हे उचल घेणाऱ्यालाच विचारावे.

हाच शब्द अरबांबरोबर स्पेनमध्येही गेला. तिथे अरबी ‘अल’ हे उपपद त्याला कायमचे चिकटले आणि ‘अल्मोकादेन’ तयार झाला: पायदळाच्या तुकडीचा नायक. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या १३व्या शतकातील कायदेसंग्रहात या नायकाची निवड कशी करावी, याचे नियमच आहेत. पोर्तुगीजांनी ‘अल्मोकादेम’ केले. इंग्रजांच्या कागदांतला मोकदम मात्र हिंदुस्थानातच उचललेला. सीरिया-लेबनॉनच्या सैन्यात मुकद्दम म्हणजे लेफ्टनंट कर्नल, मोरोक्कोत मोहल्ल्यावरचा सरकारी माणूस. कोर्टातला ‘मुकदमा’ याच कुळातला आणि इब्न खल्दूनचा १३७७ मधला प्रसिद्ध ‘मुकद्दिमा’ही, तिथे अर्थ प्रस्तावना.