गाडीच्या पोटाखालचा वारा

गाडीचं देखणेपण आपण वरून पाहतो. वारा मात्र तिच्या पोटाखालूनही जातो. तिथल्या खाचाखोचांत अडखळला की तो गाडीला मागे खेचतो. म्हणून जुन्या पोर्शे ९११ सारख्या गाडीखाली ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे बसवण्याचा मोह होतो.

पण तिचं मागचं इंजिन पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं थंड होतं. पंख्याचा वारा सिलिंडरांवरून तापून खालीच बाहेर पडतो. ती वाट बुजली, तर इंजिन होरपळतं. १९८९ च्या ९६४ मॉडेलला कंपनीनंच खालून आवरण दिलं. उष्णतेपायी अनेकांनी इंजिनाखालचा भाग काढून टाकला.

तेव्हा पत्रा इंजिनाच्या अलीकडेच थांबवावा, पाणी निथळायला भोकं ठेवावीत आणि तो स्क्रूंनीच बसवावा. दुरुस्तीला सहज निघायला हवा. वेगाच्या हौसेपायी इंजिनाचा श्वास कोंडू नये.