विषयनिवडीचे स्वातंत्र्य आणि मार्गदर्शनाचे उत्तरदायित्व

बारावीचा निकाल लागल्यापासून पदवीच्या पहिल्या सत्राची नोंदणी पूर्ण होईपर्यंतचे काही आठवडे हे आजच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातील अत्यंत निर्णायक आठवडे होत. या अल्पावधीत त्याला जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांचे परिणाम पुढील तीन-चार वर्षे आणि कित्येकदा त्यानंतरही त्याच्या सोबत राहतात. असे असूनही, या विषयावर आपल्या समाजात जितका विचार व्हावयास हवा तितका होताना दिसत नाही. प्रवेश मिळाला की पालक निश्चिंत होतात. प्रवेशानंतर भरावयाचा विषयनोंदणीचा अर्ज हा केवळ एक उपचार आहे, असा सार्वत्रिक समज आहे. स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने आपल्या शाळेचे आजी-माजी विद्यार्थी आणि पालक एकत्र येत आहेत. म्हणून या समजाचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

पूर्वीची घडी

बडोदे कॉलेज 1881 मध्ये सुरू झाले. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. त्या काळात आणि नंतरही अनेक दशके विद्यार्थ्याने ठरवावयाचे ते थोडेच असे. कला, विज्ञान वा वाणिज्य यांपैकी एक शाखा आणि पुढे पदवीसाठी एक विशेष विषय, एवढे ठरले की उर्वरित मार्ग विद्यापीठाने आखून दिलेला असे. ही घडी ताठर होती. साहित्याच्या विद्यार्थ्याला गणिताची गोडी असली तरी ती पुरविण्याची सोय नव्हती. मात्र तिच्यात एक संरक्षणही होते. वेळापत्रकाप्रमाणे वर्गात बसणारा आणि वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणारा विद्यार्थी केवळ अज्ञानापोटी पदवीस मुकत नसे.

ही घडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली. 2015 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडाधिष्ठित श्रेयांक पद्धती पुढे आणली. 29 जुलै 2020 रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये आयोगाने पदवी अभ्यासक्रमाचा नवा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. गुजरातमध्ये त्याची अंमलबजावणी 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली.

आराखड्याचे स्वरूप

श्रेयांक, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेले 'क्रेडिट', हे अभ्यासाच्या वेळेचे माप होय. एका सत्रात पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेतील काम असेल तर त्यासाठी तीस तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी असे 120 श्रेयांक मिळवावे लागतात, चार वर्षांच्या सन्मान पदवीसाठी 160. म्हणजे सत्रागणिक साधारणपणे वीस.

तीन वर्षांच्या 120 श्रेयांकांची किमान वाटणी आयोगाने पुढीलप्रमाणे सांगितली आहे. मुख्य विषयास 60, गौण विषयास 24, बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांस 9, भाषेसारख्या क्षमतावर्धक अभ्यासक्रमांस 8, कौशल्यविकासास 9, मूल्यवर्धित अभ्यासक्रमांस 6 ते 8 आणि उन्हाळी कार्यानुभवास 2 ते 4. यांपैकी प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे भरावा लागतो. एका कप्प्यातील आधिक्याने दुसऱ्यातील तूट भरून निघत नाही. बेरीज 120 झाली, परंतु एका कप्प्यात तीन श्रेयांक कमी पडले, तर पदवी अडते.

याशिवाय काही नियम लहान दिसतात, पण दूरवर परिणाम करतात. बारावीस अभ्यासलेला विषय बहुविद्याशाखीय कप्प्यात पुन्हा घेता येत नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस, त्याच व्यापक विद्याशाखेत राहून, मुख्य विषय बदलण्याची मुभा मिळू शकते. चौथ्या वर्षी संशोधनासह सन्मान पदवी हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण आवश्यक आहेत. म्हणजे चौथ्या वर्षाची तयारी पहिल्या सत्रातच सुरू होते. शासनाच्या 'स्वयम्' या दूरशिक्षण व्यासपीठावरून एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविता येतात, मात्र तो अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठाने मान्य केलेला असावा लागतो. मिळविलेले श्रेयांक 2021 च्या विनियमांनुसार स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात आणि अधिकात अधिक सात वर्षे ग्राह्य राहतात.

निवड कोठे फसते

हे सारे वाचून एखाद्यास वाटेल की नियम छापलेले आहेत, विद्यार्थ्याने ते वाचावेत. परंतु नियम ठाऊक असणे आणि तो आपल्या आयुष्याला कोठे लागू पडतो हे उमजणे यांत अंतर आहे. विषय स्पष्ट व्हावा म्हणून दोन उदाहरणे कल्पून पाहू.

एका विद्यार्थिनीस पुढे मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. मुख्य विषय म्हणून मानसशास्त्राच्या जागा भरल्याने तिने समाजशास्त्र घेतले. मैत्रिणींनी इतिहास घेतला म्हणून तिने गौण विषय म्हणून इतिहास निवडला आणि मानसशास्त्राची हौस बहुविद्याशाखीय कप्प्यातील तीन श्रेयांकांवर भागविली. पदव्युत्तर शिक्षणाविषयीच्या आयोगाच्या 2024 मधील आराखड्यानुसार पदवीचा मुख्य विषय किंवा गौण विषय, या दोहोंपैकी कोणत्याही विषयात पुढील प्रवेशाची पात्रता लाभते. तिने मानसशास्त्र गौण विषय म्हणून घेतले असते तर ती वाट खुली राहिली असती. आता प्रवेश परीक्षेद्वारे पात्रता सिद्ध करण्याचाच मार्ग तिच्यापुढे उरतो. तो मार्ग बंद नाही, पण कठीण आहे. आणि हे तिला तिसऱ्या वर्षी कळते.

दुसरा विद्यार्थी पहिले वर्ष उत्तम रीतीने पूर्ण करतो. वडिलांच्या आजारपणामुळे त्याला शिक्षण थांबवून दुकान सांभाळावे लागते. नव्या व्यवस्थेत 40 श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू ठेवता येते. परंतु त्या प्रमाणपत्रासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. तो केवळ गुणपत्रिका घेऊन घरी बसतो आणि परतीची वाट आहे, हेही त्याला ठाऊक नसते.

या दोघांच्याही बुद्धीत वा परिश्रमात उणीव नाही. उणीव होती ती योग्य क्षणी मिळणाऱ्या एका वाक्याची. ज्यांच्या घरी आई-वडील, काका, आत्या पदवीधर आहेत, त्यांना ते वाक्य जेवताना ऐकावयास मिळते. ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात जात आहे, त्यांचा सल्लागार कित्येकदा अर्ज भरून देणारा सायबर कॅफेचालक असतो. तो बिचारा रिकामा कप्पा भरून देतो. त्यात काय भरले यास तो उत्तरदायी नसतो. निवडीचे स्वातंत्र्य सर्वांस सारखे दिले आणि माहिती मात्र काहींच्याच घरी राहिली, तर त्या स्वातंत्र्यातून विषमताच वाढीस लागेल.

अमेरिकेतील पूर्वानुभव

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच उभा राहिलेला नाही. हार्वर्ड विद्यापीठात 1869 ते 1909 या काळात अध्यक्ष असलेल्या चार्ल्स इलियट यांनी सक्तीचे विषय क्रमाक्रमाने दूर करून विद्यार्थ्यांस जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. परिणाम संमिश्र झाला. जिज्ञासू विद्यार्थ्यांस पंख फुटले. इतर अनेकांनी प्राथमिक स्वरूपाचे विषय विस्कळीतपणे गोळा केले. 1889 मध्ये तेथे नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्लागार प्राध्यापकांचे मंडळ नेमले गेले. इलियट यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि इतर विषयांत विस्तार असा समतोल विद्यार्थ्यांस बंधनकारक केला. आपला आजचा मुख्य, गौण आणि बहुविद्याशाखीय असा त्रिभाग याच विचाराशी नाते सांगतो. मोकळीक आली, की तिच्या पाठोपाठ सल्ल्याची व्यवस्था उभारावी लागते, हा त्या इतिहासाचा बोध होय.

एक बोलके उदाहरण

सुविचारित निवड काय घडवू शकते, याचे उदाहरण आपल्या बडोद्याशी निगडित आहे. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण पदव्युत्तर होते आणि मुख्य विषय अर्थशास्त्र. विद्यापीठाच्या नोंदींनुसार त्यांनी तीन वर्षांत अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी 1 असे अभ्यासक्रम घेतले. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वचिंतक त्यांना गुरू म्हणून लाभले.

या यादीची रचना पाहावी. जवळजवळ निम्मे अभ्यासक्रम एकाच विषयाचे आहेत, ही खोली झाली. उरलेले अभ्यासक्रम विखुरलेले वाटले तरी भारतीय समाज समजून घेण्याच्या एकाच प्रयोजनाकडे वळलेले दिसतात. मे 1916 मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हा निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गात सादर झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्यास आपण आज 'इतर विषय' म्हणून हलक्या हाताने भरतो, त्यातूनही आयुष्याच्या कार्याचे बीज रुजू शकते.

शाळेचे आणि माजी विद्यार्थ्यांचे कार्य

महाविद्यालयांत मार्गदर्शक शिक्षकांच्या याद्या असतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदही विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचे प्रमाण विचारते. परंतु यादीत नाव असणे आणि नोंदणीपूर्वी पंधरा मिनिटे समोरासमोर बसणे यांत पुष्कळ अंतर आहे. चांगला सल्लागार विद्यार्थ्याच्या वतीने निर्णय घेत नाही. तो तीन प्रश्न विचारतो. पुढे काय करण्याचा मानस आहे? आजवर कोणत्या कप्प्यात किती श्रेयांक जमले? ही वाट अडली तर दुसरी कोणती? एवढ्या तीन प्रश्नांनी वरील दोन्ही विद्यार्थ्यांचे नुकसान टळले असते.

हे काम महाविद्यालयाचे खरे. पण त्याचा आरंभ शाळा करू शकते. 2024 पासून गुजरातच्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी सामायिक प्रवेश संकेतस्थळ आले असून निवडीचा प्रसंग निकालानंतर लगेच उभा राहतो. त्या दिवसांत शाळेच्या एखाद्या वर्गात चार संध्याकाळी माजी विद्यार्थी बसले, आणि जो ज्या विद्याशाखेतून गेला त्याने त्या विद्याशाखेची माहिती दिली, तर त्यास निधी लागत नाही, इमारतही लागत नाही. आपल्यातील जे नुकतेच पदवीधर झाले आहेत, त्यांनी नवी पद्धती स्वतः अनुभवली आहे. या कामी त्यांचा शब्द माझ्यासारख्या वृद्ध प्राध्यापकाहून अधिक उपयोगाचा ठरेल.

मराठीचा अध्यापक म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. क्षमतावर्धक अभ्यासक्रमांच्या कप्प्यात आधुनिक भारतीय भाषेस स्थान आहे. जेथे महाविद्यालयात मराठीची सोय आहे, तेथे आपल्या मुलांनी ती मागितली पाहिजे. विद्यार्थी नोंदले गेले नाहीत तर वर्ग भरत नाही, वर्ग भरला नाही तर अध्यापकाची जागा राहत नाही, आणि जागा गेली की पुढील वर्षी तो पर्याय अर्जावरही दिसत नाही. बृहन्महाराष्ट्रात भाषा टिकावी यासाठी आपण संमेलने भरवितो, ग्रंथालये चालवितो. त्या प्रयत्नांइतकेच मोल नोंदणीच्या अर्जावरील त्या एका खुणेस आहे. मात्र ती खूण भावनेच्या भरात दुसऱ्याच्या दडपणाने होऊ नये. मुलाच्या हिताशी ती जुळत असेल तेथेच तिचा आग्रह धरावा. भाषेवरील प्रेमही सल्लागाराच्या तीन प्रश्नांच्या कसोटीस उतरले पाहिजे.

येत्या उन्हाळ्यात निकाल लागेल तेव्हा शाळेचा तो वर्ग उघडा असावा, एवढी विनंती व्यवस्थापक मंडळास आणि माजी विद्यार्थ्यांस करून मी विराम घेतो.