दोनशे रुपयांचा मुद्रांक आणि सांभाळाचं कलम

मानवत-पाथरीकडे कालव्याखालची पाच-सात एकर काळी जमीन, गावात घर, परभणीत एखादा गाळा. एवढं ज्याच्याकडे आहे त्या बापाला पुण्यातला मुलगा हल्ली सुचवतो, "आबा, फॅमिली ट्रस्ट करून टाका." कल्पना अमेरिकेतली. तिकडे मृत्युपत्र कोर्टातून प्रमाणित करून घेण्यात वेळ आणि वकिलाची फी दोन्ही जातात, म्हणून लोक हयातीतच मालमत्ता ट्रस्टकडे सोपवतात. आपल्या देशात अशा प्रमाणनाची, म्हणजे प्रोबेटची, सक्ती होती ती मुंबई, चेन्नई, कोलकात्याला, तीही २०२५पर्यंत. परभणीला कधीच नव्हती. म्हणजे रोगच नाही, आणि औषध मात्र महागडं.

महागडं अशासाठी, की १८८२च्या कायद्याखाली खासगी ट्रस्ट होतो खरा, पण घर-जमीन त्यात घातली की दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक खरेदीखताच्या दराने बसतो. शेतीला तर मराठवाड्यात १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आडवा येतो. बिगरशेतकऱ्याच्या नावे जमीन करायला परवानगी लागते. मग ट्रस्ट शेतकरी कसा, हा प्रश्न फेरफाराच्या वेळी निघणारच.

त्यापेक्षा बक्षीसपत्र बरं. राहतं घर किंवा शेत मुलाला, मुलीला, नातवंडांना दिलं तर मुद्रांक २०० रुपये. अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. मात्र मालमत्ता स्वकष्टाची हवी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीही जन्मतः वाटेकरी, ती जमीन बापाला परस्पर एकाला देता येत नाही. तिथे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांसमोर वाटणी करावी. (आपल्याकडे बहिणींना बोलावणं जातं ते हक्कसोडावर सहीसाठी, वाटणीसाठी नाही.)

बक्षीसपत्रातला धोका वेगळाच. फेरफार झाला की सातबाऱ्यावरून बापाचं नाव जातं, त्याबरोबर पीककर्जही. म्हणून दस्तात लिहून घ्या: घेणाऱ्याने देणाऱ्याचा हयातभर सांभाळ करावा. मुलाने पाठ फिरवली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली साठी ओलांडलेल्या बापाला ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. अशी अट असावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. २०२५च्या निकालात न्यायालय ज्येष्ठांच्या बाजूने अधिक मोकळेपणाने बोललं, तरी दस्त लिहिणाऱ्याच्या भरवशावर राहू नये.

ट्रस्ट खरा कामाचा तो स्वतःचा व्यवहार पाहू न शकणाऱ्या लेकरासाठी. आपल्यामागे त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण करणार, ही धास्ती असलेल्या आईबापाने बँकेतल्या ठेवी आणि गाळ्याचं भाडं ट्रस्टमध्ये घालावं, विश्वस्त एकाहून अधिक नेमावेत. शेत बाहेरच ठेवून आपला हिस्सा मृत्युपत्राने द्यावा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि मन बदललं तर नवं करता येतं.