युद्धविषयक कागदांचे प्रयोजन आणि प्रामाण्य : भोर व वेल्हे परिसरातील साधनांच्या आधारे

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दोन डोंगरी तालुके. यांपैकी वेल्ह्याचे नाव राजगड असे करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रस्तुत विवेचनात कागदपत्रांशी मेळ राहावा म्हणून जुने नाव कायम ठेवले आहे. सतराव्या शतकात हा मुलूख रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजण मावळ, कानदखोरे अशा खोऱ्यांच्या नावांनी ओळखला जाई. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे तीन किल्ले याच टापूत येतात. आदिलशाही फौजा, शाएस्तेखानाची स्वारी आणि शेवटी खुद्द औरंगजेब अशी तीन मोठी युद्धसत्रे या खोऱ्यांनी साठ वर्षांच्या आत अनुभवली. तरीही या युद्धांची हकीकत सांगावी एवढ्याच हेतूने लिहिलेला कागद येथे जवळजवळ सापडत नाही. जे कागद उरले आहेत ते हुकूम देण्यासाठी, वतन राखण्यासाठी, धन्याला खूश करण्यासाठी किंवा तिथी नोंदवून ठेवण्यासाठी लिहिले गेले. युद्ध त्यांत ओघाने आले आहे.

या वस्तुस्थितीकडे साधनांचा दोष म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना जडली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून साधनखंडांच्या प्रस्तावनांतून अस्सल पत्रांचे महत्त्व ठासून मांडले आणि बखरींना दुय्यम स्थान दिले. ही शिस्त मराठी इतिहासलेखनाला अत्यंत उपकारक ठरली, यात शंका नाही. परंतु तिचा एक उपपरिणाम असा झाला, की कागद अस्सल ठरला म्हणजे त्यातील मजकूरही खरा ठरला, असा समज रूढ झाला. वास्तविक हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अस्सल कागद हेतुपुरस्सर अर्धसत्य सांगू शकतो आणि उत्तरकालीन बखर एखादा खरा तपशील नकळत जपून ठेवू शकते. कागद कोणत्या कामासाठी लिहिला गेला हे एकदा निश्चित झाले, म्हणजे त्याला कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता विचारू नये हेही निश्चित होते.

अफजलखानाच्या स्वारीसंबंधीचे जेधे घराण्याचे कागद या दृष्टीने फार बोलके आहेत. भोरजवळच्या कारी गावचे जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख, आणि उत्रवळीचे खोपडे हे त्याच खोऱ्यातील त्यांचे प्रतिस्पर्धी. १६ जून १६५९ रोजी अली आदिलशहाने कान्होजी जेधे यास फर्मान पाठवून अफजलखानाच्या दिमतीस हजर राहण्याची आज्ञा केली. फर्मानाचे प्रयोजन उघड आहे. मावळातील देशमुखांना धाक व आमिष दाखवून शिवाजी महाराजांपासून तोडणे हे दरबाराला साधायचे होते. साहजिकच महाराजांविषयी फर्मानात जे म्हटले आहे ते त्यांच्या वर्तनाचा पुरावा होऊ शकत नाही. मात्र १६५९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस विजापूरला कान्होजीची निष्ठा विकत घेण्याजोगी वा दडपण्याजोगी वाटत होती, याचा तो पक्का पुरावा आहे. कागद आपल्या कर्त्याच्या अपेक्षा व भीती सांगतो तेव्हा त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नसतो.

फर्मानानंतर काय घडले ते जेधे करीन्यात येते. करीना म्हणजे घराण्याची वा वतनाची हकीकत. तो बहुधा तंट्याच्या निमित्ताने, न्यायसभेपुढे किंवा दरबारापुढे ठेवण्यासाठी सिद्ध होई. म्हणजे त्याचे वाङ्मयीन रूप हकीकतीचे, पण कार्य कैफियतीचे. करीन्यानुसार कान्होजी आपल्या मुलांसह फर्मान घेऊन महाराजांकडे गेला. महाराजांनी त्याची परीक्षा पाहिली. त्याने वतनावर पाणी सोडून निष्ठेची शपथ वाहिली. आणि महाराजांनी त्याला आपली बायकामुले तळेगावास हलविण्यास सांगितले. खंडोजी खोपडा मात्र खानास मिळाला. पुढे खान मारला गेल्यावर खंडोजी लपतछपत फिरू लागला, कान्होजीच्या रदबदलीने त्याला जीवदान मिळाले, पण एक हात व एक पाय गमवावा लागला.

हा वृत्तान्त नाट्यपूर्ण असल्यामुळे शालेय पुस्तकांपासून कादंबऱ्यांपर्यंत सर्वत्र जसाच्या तसा उतरला आहे. त्याचे घटक सुटे करून पाहणे आवश्यक ठरते. फर्मान आले, हा भाग फर्मानानेच सिद्ध होतो. वतनावर पाणी सोडण्याचा प्रसंग करीन्याच्या प्रयोजनाचा गाभा आहे. ज्या घराण्याने वतनावर स्वखुशीने पाणी सोडले त्याचे वतन पुढच्या राज्यकर्त्याने कसे काढावे, हा त्यातील अव्यक्त युक्तिवाद आहे. म्हणून तो प्रसंग खोटा म्हणता येत नाही. पण त्यातील संवादांची घडण घराण्याच्या स्मृतीने व गरजेने केली आहे, हे गृहीत धरावे लागते. याउलट तळेगावास कबिला हलविण्याचा तपशील कोणत्याही दाव्याला उपयोगी नाही. त्याने जेध्यांचा मान वाढत नाही, खोपड्यांचा घटत नाही. लेखकाला जे सिद्ध करायचे नाही ते तो सहजपणे खरे सांगून जातो. १६५९ मध्ये रोहिडखोरे बायकामुलांसाठी सुरक्षित मानले जात नव्हते, ही युद्धाच्या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट अशा बिनकामाच्या वाक्यातून हाती लागते.

खंडोजीच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठी जनमानसात त्याचे नाव फितुरीचा पर्याय होऊन बसले आहे. हा निकाल ज्या कागदावर मुख्यतः उभा आहे तो कागद त्याच खोऱ्यातील प्रतिस्पर्धी घराण्याचा आहे, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. शिवाय जे फर्मान कान्होजीस आले त्याच बादशाहीचा खंडोजीही वतनदार होता. १६५९ मध्ये विजापूरच्या दृष्टीने आज्ञाभंग कान्होजीने केला, खंडोजीने नव्हे. याचा अर्थ करीना निरुपयोगी, असा नाही. खंडोजी खानाकडे गेला आणि त्याला शिक्षा झाली या घटना नाकारण्याचे कारण दिसत नाही. रदबदलीचा भाग तर दोन्ही बाजूंनी वाचता येतो. शत्रूसाठी शब्द टाकणे हे जेध्यांच्या औदार्याचे चित्र आहे आणि दरबारातील त्यांच्या वजनाचेही. पण ‘फितूर’ हे विशेषण घटनेचे वर्णन नसून तंट्यातील एका पक्षाची भाषा आहे. ती भाषा इतिहासकाराने उचलावी की नाही, हा प्रामाण्याचा नव्हे, विवेकाचा प्रश्न आहे. आणि आजवर तो पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

त्याच घराण्याच्या संग्रहातून लोकमान्य टिळकांना मिळालेली जेधे शकावली १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तिचा प्रकार करीन्याहून सर्वस्वी निराळा. शके १५४० ते १६१९, म्हणजे इ. स. १६१८ ते १६९७, या काळातील घटना तिथीवार टिपलेल्या, वाक्ये तुटक, विशेषणे जवळपास नाहीत. प्रारंभ होतो तो औरंगजेबाच्या जन्माच्या नोंदीने. केवळ कुळाची कीर्ती गाण्यासाठी लिहिणारा माणूस परक्या शहाजाद्याच्या जन्मापासून सुरुवात करणार नाही. तिथी व वार दिले असल्यामुळे पंचांगाशी मेळ घालून नोंदी तपासता येतात. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी शकावलीने प्रथम पुढे आणली तेव्हा ती अनेकांना मान्य नव्हती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली तेव्हा शकावलीचे वजन वाढले. परस्परांची माहिती नसलेली, भिन्न हेतूंची दोन साधने एका बिंदूवर मिळणे, याहून चांगली कसोटी नाही. परंतु शकावली ‘का’ या प्रश्नाला मूक आहे. लढाईचा दिवस ती सांगते. लढाई कशी जिंकली हे सांगणे तिचे काम नाही.

कागदाच्या अस्सलपणाचाच प्रश्न जेथे उभा राहतो असे उदाहरणही याच खोऱ्यातले आहे. रोहिडखोरे व वेळवंडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांस शिवाजी महाराजांनी १६४५ मध्ये लिहिले म्हणून सांगितले जाणारे, ‘हिंदवी स्वराज्य’ हा शब्दप्रयोग असलेले पत्र सर्वपरिचित आहे. त्याच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत. अशा पत्राची भाषा, मायना व लेखनपद्धती त्या वर्षाच्या इतर पत्रांशी ताडून पाहावी लागते. त्याबरोबरच स्वराज्याच्या आरंभापासून आपला पूर्वज सोबत होता, हे दाखविण्यात पत्र जपणाऱ्या घराण्याचा काय लाभ होता, हेही विचारावे लागते. लाभ होता म्हणून पत्र बनावट ठरत नाही. फक्त पुराव्याची मागणी वाढते. लोकपरंपरा शपथेचे स्थळ रायरेश्वराचे पठार मानते, पत्र रोहिडेश्वराचे नाव घेते, आणि दोन्ही स्थाने भोर तालुक्यातच असल्याने हा घोळ भावनेच्या भरात सहज नजरेआड होतो.

बखरींविषयी थोडक्यात. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ मध्ये जिंजी येथे छत्रपती राजारामांसाठी लिहिली. राजगड मोगली वेढ्यात सापडण्यापूर्वी सहा वर्षे, मुलखापासून शेकडो कोस दूर, पराभवाच्या छायेत पुत्राला पित्याचा पराक्रम सांगणारे हे लेखन आहे. फौजांचे भरघोस गोल आकडे आणि सैल कालक्रम यांचे मूळ या प्रयोजनात आहे. राजगडाच्या डोंगराचे जुने नाव त्याने नोंदवले, ते मात्र स्वीकारार्ह. त्यात कुणाला प्रोत्साहन द्यायचे नव्हते. तोरण्यावर सापडलेल्या धनाची कथा जसजशी उत्तरकालीन बखरींतून खाली येते तसतशी ती फुगत जाते, एवढे नमूद केले तरी पुरे.

आता विरुद्ध पक्षाकडे वळता येईल. औरंगजेबाने १७०३ च्या अखेरीस राजगडास वेढा घातला. १७०४ च्या फेब्रुवारीत किल्ला त्याच्या हाती आला आणि मार्चमध्ये तोरणा पडला. या मोहिमेचा अधिकृत वृत्तान्त साकी मुस्तैदखानाच्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’त आहे. बादशाहीच्या कागदांवर आधारलेला हा ग्रंथ १७१० मध्ये, म्हणजे बादशहाच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाला. नेमणुका, बढत्या, मुक्काम आणि तारखा यांबाबत तो उत्तम आहे. तोरण्याला बादशहाने ‘फुतूहुल्गैब’ हे नाव दिले. अदृश्याकडून लाभलेला विजय, असा त्याचा आशय. किल्ल्याचे नाव बदलणे हाही एक प्रकारचा युद्धवृत्तान्तच असतो, आणि त्याची विश्वसनीयता नाव किती टिकले यावरून कळते. चार वर्षांच्या आत तोरणा पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ते नाव कागदावर राहिले.

जदुनाथ सरकारांनी असे दाखवून दिले, की या उत्तरकालीन मोहिमांत पैशाच्या वाटाघाटींशिवाय, केवळ लढून घेतलेला किल्ला तोरणा हाच होय. हे मत केवळ दरबारी ग्रंथावरून बांधता आले नसते. दरबारी लेखक विजयाची किंमत सांगत नाही. ती सांगतो भीमसेन सक्सेना. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी असलेल्या या कायस्थ कारभाऱ्याने ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ कोणा बादशहाच्या आज्ञेने लिहिला नाही. म्हणून चिखलाने भरलेले घाट, मरणारी जनावरे, महागाई आणि सरदारांचा कंटाळा यांना त्यात जागा मिळाली. अर्थात भीमसेनही निर्हेतुक नाही. आपल्या धन्याची योग्य कदर झाली नाही, ही त्याची सल त्याच्या टीकेला धार देते. खाफीखान याच घटना बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या बादशहाच्या काळात लिहितो. त्याची निर्भयता काही अंशी काळाच्या अंतराने दिलेली आहे. तिघेही मोगल पक्षाचे, तिघांचीही भाषा फारसी, पण प्रयोजने तीन. ‘मोगल साधने’ असा एकच गठ्ठा बांधणे किती चुकीचे आहे, हे यावरून दिसेल.

आजवर उल्लेखिलेल्या सर्व साधनांत एक उणीव समान आहे. खोऱ्यातील रयत त्यांत जवळजवळ नाही. ती दिसते एका आज्ञापत्रात. २३ ऑक्टोबर १६६२ रोजी, शाएस्तेखान पुण्यात तळ देऊन असताना, शिवाजी महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांस लिहिले, की मोगल त्या भागावर धावून येणार अशी खबर हेरांनी आणली आहे. पत्र पोहोचताच गावोगाव फिरून रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली, शत्रू पोहोचणार नाही अशा जागी हलवावे. या कामी दिरंगाई झाली आणि माणसे कैद झाली तर त्याचे पाप देशमुखाच्या माथी बसेल, असा त्याचा आशय आहे. येथे गौरव नाही, दावा नाही, मागाहून आलेले शहाणपणही नाही. परिणाम ठाऊक नसताना, घाईत, एका कामासाठी लिहिलेला हा कागद आहे. आज्ञापत्रातून आज्ञा सिद्ध होते, अंमल नव्हे. सर्जेराव त्या रात्री किती गावे फिरला, किती कुटुंबे घाट उतरली आणि किती मागे राहिली, हे सांगण्याचे काम या पत्राचे नव्हते. ते ज्याचे होते, त्या पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत सारा माफ करण्याच्या व उजाड गावे पुन्हा वसविण्याच्या कौलांत शोध घ्यावा लागतो, आणि तेथे युद्धाचे नाव बहुधा ‘परचक्र’ एवढ्या एका शब्दात आटोपलेले असते.