निर्जंतुक पाण्यातली धोक्याची जागा

कॉड माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम ४ मिलिमीटरचं असतं. अंग पारदर्शक, डोळे काळे आणि पोटाला बलकाची पिशवी. बलक संपत आला की पहिला घास लागतो. हॅचरीत तो असतो रोटिफर या सूक्ष्म जिवंत प्राण्याचा. या वयात पिल्लाला जठर नसतं, आतडं म्हणजे साधी नळी. रोगजंतू ओळखून लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्ती तयार व्हायला कित्येक आठवडे असतात. त्यातच खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकवायचं म्हणून ते पाणी पीत राहतं, आणि पाण्याबरोबर जिवाणूही पोटात जातात.

म्हणून टाकीतल्या पाण्यात कोणते जिवाणू आहेत, यावर त्याचं जगणं-मरणं बरंचसं अवलंबून असतं. त्याच माद्यांची अंडी, खाद्य तेच, तापमान तेच. तरी एका टाकीत पिल्लं तगतात आणि शेजारच्या टाकीत पटापट मरतात, हा सागरी हॅचऱ्यांचा जुना अनुभव आहे. आणि दर वेळी एखादा ओळखीचा रोगजंतू सापडतोच असं नाही.

यावरचा सरधोपट उपाय म्हणजे पाणी निर्जंतुक करणं. अतिनील किरणांचा दिवा लावा, ओझोन सोडा, जिवाणू मारून टाका. दिव्यातून बाहेर पडलेलं पाणी तपासलं तर जिवाणू खरोखरच नगण्य दिसतात. घोटाळा होतो तो पुढे, टाकीत. तिथे विष्ठा आहे, मेलेले रोटिफर आहेत, उरलेलं खाद्य आहे. म्हणजे जिवाणूंसाठी अन्न भरपूर आणि खाणारं कोणीच नाही. प्लॉट साफ करून मोकळा ठेवला की पहिल्या पावसात तिथे गाजर गवत माजतं, तसंच इथे होतं. दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारा जिवाणू १० तासांत एकाचे १० लाखांवर होतो. दिवसाला एकदाच दुप्पट होणारा तेवढ्या वेळात एकाचे दोनही होत नाही. या झपाट्याने वाढणाऱ्यांतच संधिसाधू जास्त असतात. व्हिब्रिओ प्रजातीतल्या कित्येक जाती त्यांतल्याच. एरवी त्या गप्प असतात. पिल्लू अशक्त दिसलं की उलटतात.

परिसरशास्त्रात हा विचार आधीपासून होता. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये सजीवांच्या दोन रीती मांडल्या: मुबलक अन्नात भराभर वाढण्याची आणि गर्दीत, तुटपुंज्या अन्नावर टिकून राहण्याची. नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइममधल्या संशोधकांनी हे सूत्र माशांच्या टाकीला लावलं. ओलाव वादस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘परिपक्व पाण्या’ची पद्धत मांडली. समुद्राचं पाणी गाळायचं आणि टाकीत सोडण्याआधी बायोफिल्टरमधून न्यायचं. बायोफिल्टर म्हणजे प्लॅस्टिकच्या खाचाखाचांच्या तुकड्यांनी भरलेली टाकी. त्या तुकड्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. पाण्यातलं सहज खाता येण्याजोगं अन्न तिथेच फस्त होतं. पुढे जातं ते सावकाश वाढणाऱ्या, थोडक्यात भागवणाऱ्या जिवाणूंनी भरलेलं पाणी. पिल्लांपर्यंत पोचतं तेव्हा या पाण्यात जागा आधीच भरलेल्या असतात, संधिसाधूंना शिरकाव मिळत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुनर्चक्रीकरणाची, म्हणजे ‘आरएएस’ची. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं म्हणजे घाण साठवायची, अशी शंका कोणालाही येईल. पण समुद्रातून पाणी सतत आत आणि बाहेर वाहतं अशा पद्धतीत येणारं पाणी अन्नाने गरीब असतं आणि टाकी श्रीमंत, त्यामुळे नव्या वाढीला टाकीतच वाव मिळतो. पाणी फिरत राहिलं की फिल्टरमधलं आणि टाकीतलं अन्न जवळपास सारखं होतं, आणि अचानक वाढायला जागा उरत नाही. ट्रॉन्हाइमच्याच गटाने कॉडच्या पिल्लांवर ही तुलना केली, २०१४ मध्ये निष्कर्ष छापले: परिपक्व पाण्यात आणि आरएएसमध्ये पिल्लं साध्या वाहत्या पाण्यापेक्षा जास्त जगली. हे यश फक्त यंत्रणा बसवून मिळत नाही. रोटिफरच्या दाट संवर्धनातून संधिसाधू जिवाणू टाकीत येतातच. खाद्य जास्त पडलं, तळाचा गाळ वेळेवर काढला नाही, की सगळं विस्कटतं.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं. जिताड्याचे जिरेही आधी रोटिफर, मग आर्टेमिया हे बारीक कवचधारी प्राणी खाऊनच मोठे होतात. कोळंबीच्या हॅचरीत तर व्हिब्रिओचं नाव रोजचं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत आरएएसला अनुदान मिळू लागलं, त्यामुळे कोकणातला माणूसही आता हे संयंत्र बसवू शकतो. त्याला एवढंच सांगायचं आहे: आराखडा हातात आला की आधी अतिनील दिव्याची जागा पाहा. बाहेरून येणाऱ्या पाण्याला तो हवाच, रोगजंतू आत येऊ नयेत म्हणून. पण दिवा आणि पिल्लांची टाकी यांच्यामध्ये बायोफिल्टर नसेल, तर कंत्राटदाराकडून आराखडा बदलून घ्या.