मॅट कुकचं नाव काढलं की बॉस्टनवाले का खवळतात?

७ मार्च २०१०, पिट्सबर्ग. एनएचएल या आइस हॉकी लीगचा सामना. बॉस्टन ब्रुइन्सच्या मार्क सव्हार्डनं नुकताच शॉट मारला होता, नजर पुढे होती. बाजूने पिट्सबर्ग पेंग्विन्सचा मॅट कुक आला आणि त्याचा फटका थेट सव्हार्डच्या डोक्याला बसला. सव्हार्डला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. कुकला शिक्षा किती? शून्य! पेनल्टी नाही, बंदी नाही. कारण बेसावध खेळाडूच्या डोक्यावर बाजूने केलेला असा आघात तेव्हाच्या एनएचएलच्या नियमांत गुन्हाच नव्हता. त्याच महिन्यात लीगनं घाईघाईनं त्यावर बंदी घालणारा नियम आणला. सव्हार्ड परतला खरा, पण जानेवारी २०११ मध्ये डोक्याला पुन्हा मार बसला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

मार्च २०११ मध्ये कुकनं रेंजर्सच्या रायन मॅकडोनाला कोपर मारलं. या वेळी मोसमातले उरलेले १० सामने आणि प्लेऑफची पहिली फेरी बाहेर!

यानंतरचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढच्या मोसमात हाच माणूस ८२ सामने खेळला, १९ गोल केले आणि पेनल्टीची मिनिटं फक्त ४४. आदल्या वर्षी ती १२९ होती. म्हणजे स्वच्छ खेळणं त्याला जमत होतं!

तरी नाव खराब झालं ते झालंच. २०१३ मध्ये त्याच्या स्केटच्या पात्यानं ओटावाच्या एरिक कार्लसनच्या टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) कापली गेली. लीगनं कारवाई केली नाही, मलाही तो अपघातच वाटतो; ओटावात मात्र कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. २०१४ मध्ये कुकनं प्रतिस्पर्धी टायसन बॅरीच्या गुडघ्यावर गुडघा घातला, त्याबद्दल मिळालेली ७ सामन्यांची बंदी मात्र शंभर टक्के रास्त होती.